मोठ्या झाडाला मोठी पाटी

उचगावहून नजीरा आली ती दह्याचं मडकं आणि निकाल, दोन्ही बरोबर घेऊनच आली. मडकं तिनं चुलीपाशी ठेवलं आणि निकाल उंबऱ्यातच सांगून टाकला. ख्वाजाच्या जागी महंमदच लागला पाहिजे, पोरीबाळींनी चारचौघांत पाण्याच्या नळ्या ओढत फिरायचं हे बागवानांच्या घरात कधी झालं नाही आणि होणार नाही. शमशादनं नणंदेला तांब्याभर पाणी दिलं, बसायला पाट दिला आणि मनात म्हणाली, हिचा एक पाय अजून उंबऱ्याबाहेर आहे आणि हिनं माझं घर चालवायला घेतलं. पस्तीस वर्षं शमशाद जे काही म्हणायची ते असं मनातच. तोंडानं ती फक्त एवढंच म्हणाली, की भाकरी खाऊन मग काय ते बोलू.

मे महिन्याचा शेवटचा बुधवार होता, साल एकोणऐंशी. उद्या शमशादच्या नवऱ्याची, ख्वाजाची, नोकरी संपायची. टाऊन हॉलच्या बागेत त्याची बत्तीस वर्षं हजेरीपटावर गेलेली, आणि त्याआधीची बापाच्या हाताखाली राबलेली वर्षं कुणी मोजलीच नव्हती. त्याचा बाप बादशहा हा संस्थानच्या काळातला हेड माळी. बागेच्या मागच्या कोपऱ्यात, टाऊन हॉलला जो काळा दगड लागला त्याच दगडाच्या दोन खोल्या बादशहाला मिळाल्या होत्या आणि त्यातच हे घर वाढलं. समोर टोकदार मनोऱ्यांचा टाऊन हॉल, पलीकडं थोरला दवाखाना, झाडांच्या शेंड्यांना दिवसभर उलटी लटकलेली वटवाघळं. शमशाद लग्न होऊन आली तेव्हा पहिले आठ दिवस तिला त्या वटवाघळांच्या कालव्यानं झोप लागली नव्हती. आता उचगावला नणंदेकडं मुक्काम पडला, तर त्या कालव्यावाचून झोप येत नाही.

बागेच्या खात्यानं ख्वाजाचं एक मागणं मान्य केलं होतं. त्याच्या जागी त्याच्या घरातलं एक माणूस लागू शकत होतं आणि माणूस लागलं तर खोल्याही राहणार होत्या. नाव कुणाचं, ते ख्वाजानं सांगायचं. त्या कागदावर आज अंगठा उठवायचा होता, आणि कागद तीन दिवस फळीवरच्या डब्याखाली तसाच पडून होता.

नावं दोनच. महंमद थोरला मुलगा, उद्यमनगरात टर्नर, पोटाला कमी नव्हतं. राजारामपुरीत खोली घेऊन बायको-पोरांसह राहत होता. पण सरकारी नोकरी ती सरकारी नोकरी, आणि शिवाय बहिणीनं बागेत काम केलेलं त्याला लोकांत सांगायला जड जात होतं. आणि लेक सुगरा. सुगराला नेसरीला दिली होती. नवऱ्यानं तिसऱ्या वर्षी दुसरी करून आणली, आणि सुगरा एक ट्रंक घेऊन बापाच्या दारात उभी राहिली. त्याला दोन वर्षं झाली. रडली नाही, बोलली नाही, तिसऱ्या दिवशी खुरपं घेऊन बागेत गेली आणि रोजंदारीवर लागली. गुलाबाला डोळा भरून कलम करणं असो, वाळत चाललेल्या बकुळीच्या मुळाशी पाणी कसं सोडायचं ते असो, ख्वाजा बोलेस्तोवर तिचं करून झालेलं असायचं. महंमदला नोकरी नाही मिळाली, तर त्याचं काही अडणार नव्हतं. सुगराला नाही मिळाली, तर तिनं जायचं कुठं, हे घरात कुणीच तोंडानं विचारत नव्हतं.

दुपारी बारा वाजता आकाराम मुकादम आला, काखेत लांबलचक वही घेऊन. आकाराम आणि ख्वाजा एकाच वर्षी हजेरीपटावर चढलेले. ईदला आकारामचा डबा इथून जायचा आणि दिवाळीला तिकडनं यायचा. पण आज आकाराम जरा अवघडलेला होता. नवीन साहेबांनी नवीन टूम काढली होती, त्यानं सांगितलं. बागेचा चार्ज नुसता तोंडी द्यायचा नाही. झाडाला नंबर, आणि नंबरापुढं झाडाच्या पाटीवरचं नाव. देणाऱ्यानं अंगठा करायचा, घेणाऱ्यानं सही. सकाळपासून तो एकेका झाडाखाली उभा राहून पाटीवरची इंग्रजी अक्षरं अक्षरास अक्षर जुळवून उतरवून घेत होता. एकेचाळीस झाडं झाली होती आणि त्याची मान दुखायला लागली होती.

घराच्या मागं शिरीषाच्या सावलीत जेवणं वाढली. आक्खा मसूर, भाकरी, कांदा, आणि नजीराचं दही. महंमद कारखान्यातनं अर्धा दिवस सुटी काढून आला होता. आकारामनं वही बाजूला ठेवली होती. सुगरानं ती उचलली, हात पुसून एकेक पान उलटलं आणि मिटून परत ठेवली.

"आकारामदादा," ती म्हणाली, "ही यादी मी घेणार असंन, तर मी हिच्यावर सही करणार न्हाय."

शमशादच्या हातातली पळी तिथंच थांबली. अकरा वर्षं ती ज्या दिवसाला भीत होती तो दिवस दह्याच्या वाटीबरोबर पुढ्यात येऊन बसला होता.

त्याचं असं होतं. सुगरा आठवीत असताना शाळेतल्या बाईंनी पोरींना झाडांची चित्रं असलेलं पुस्तक दाखवलं होतं. खाली साहेबी नावं. संध्याकाळी पोरगी पुस्तक घेऊन बागेत फिरली आणि घरी येऊन आईला म्हणाली, अम्मा, आपल्या झाडांच्या पाट्या चुकल्यात. बकुळीवर कांचनाचं नाव हाय, कांचनावर बकुळीचं, शिरीषावर ताम्हणाचं. शमशादला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण एवढं कळलं, की ह्या पाट्या तिच्या सासऱ्यानं लावल्यात आणि तिच्या नवऱ्यानं रोज फडक्यानं पुसल्यात. तिनं पोरीच्या तोंडावर हात ठेवला. तुझ्या अब्बांना ह्यातलं एक अक्षर कळता कामा नये, म्हणाली. आणि पोरीनं आजवर ते पाळलं. दवाखान्यातले डॉक्टर त्या पाट्या वाचत, कोर्टाच्या तारखेला आलेले पक्षकार वाचत, कॉलेजची पोरं वाचत. साहेबी नाव वाचून कुणाला काय कळतंय? वाचायचे आणि पुढं जायचे.

आता सुगरानं ते सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही. एकेचाळीसातली सत्तावीस नावं चुकलीत, एवढंच म्हणाली, आणि कुठल्या झाडाची पाटी कुठं गेली तेही बोटावर सांगितलं. आकाराम वहीकडं बघत राहिला. सकाळपासून त्यानं मान मोडून जे लिहिलं होतं, ते सगळं पाण्यात गेलं होतं.

पहिल्यांदा महंमद उठला. त्याचं म्हणणं सरळ होतं. चाळीस वर्षं कुणाचं काही बिघडलं नाही, उद्याही बिघडणार नाही. झाड काही पाटी वाचून फुलत नाही. साहेबाला कागद पाहिजे, कागद द्यावा. तिला सही करायची नसेल तर नको करू दे, मी डोळे झाकून करतो, आण ती वही. त्यात नोकरी आपलीच, ही गोष्ट त्यानं न बोलता बोलून टाकली होती आणि ती सगळ्यांना ऐकू आली होती.

नजीरानं लगेच त्याच्या बाजूनं ठेका धरला. बाप मरून सतरा वर्षं झाली, आता त्याच्या कबरीवर चिखल टाकायला निघाली ही पोरगी. हेड माळी होता तो, त्याला झाडं कळत नव्हती म्हणायचं काय? शाळेत चार बुकं शिकली म्हणून आजोबाला शिकवणार?

"आजोबांना झाडं कळत हुती फुपी," सुगरा म्हणाली. "अक्षरं कळत नव्हती."

आणि मग एक वेगळंच झालं. नजीराच्या डोळ्यांपुढं काहीतरी आलं होतं. हळूहळू तिच्या तोंडावरचा राग उतरला आणि ती भावाकडं बघायला लागली.

"ख्वाजा," ती म्हणाली, "त्या पाट्या मी आन् अम्मानं घासल्यात की रं."

तिनं सांगितलं ते असं. संस्थानात कुणी लाटसाहेब यायचा होता. बागेतल्या पाट्या गंजल्या-मळल्या होत्या. बादशहानं सगळ्या पाट्या उतरवून घरी आणल्या. कुठली कुठल्या झाडाची, हे त्याच्या ध्यानात राहावं म्हणून त्यानं ओसरीवर ओळीनं मांडल्या होत्या, झाडं ज्या ओळीनं आहेत त्याच ओळीनं. आणि तो पाणी सोडायला गेला. नजीराच्या आईला वाटलं, नवऱ्याची कामं सोपी करावी. तिनं आणि दहा वर्षांच्या नजीरानं त्या पाट्या हौदावर नेल्या, राखेनं घासल्या, लखलखीत केल्या आणि घरातली भांडी लावावी तशा लावून ठेवल्या. मोठी खाली, लहान वर. बादशहा आला. बघितलं. बायकोला एक शब्द बोलला नाही. पाट्या उचलल्या आणि रात्रंदिवस ज्या झाडांत राहिला त्या झाडांकडं बघून ठरवलं, की मोठ्या झाडाला मोठी पाटी आणि लहान झाडाला लहान. दुसरं काय ठरवणार बिचारा? ज्या साहेबानं पाट्या करून घेतल्या होत्या तो केव्हाच विलायतेला गेला होता.

"लांब नाव आसलं की पाटी लांब," सुगरा हळूच म्हणाली. "झाडाचा काय संबंध न्हाय."

"आता मला काय म्हाईत," नजीरा म्हणाली आणि तिला हसू आलं. हसता हसता तिनं पदर डोळ्याला लावला. "अम्मानं किती घासल्या हुत्या रं. त्वांड दिसत हुतं त्यात."

सगळ्यांनी ख्वाजाकडं पाहिलं. तो इतका वेळ भाकरीचा एकच तुकडा बोटांत धरून बसला होता. शमशादला वाटलं, आता हा माणूस खचला. उद्याच्या दिवसासाठी त्यानं नवा पायजमा शिवून घेतला होता. तो घालून साहेबापुढं उभा राहायचं, आणि त्याच दिवशी ही नामुष्की. ही पोरगी अजून एक दिवस गप्प बसली असती तर काय बिघडलं असतं, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं.

ख्वाजानं तुकडा ताटात ठेवला.

"शिडी मी धरली हुती," तो म्हणाला. "अठरा वर्साचा हुतो. अब्बा वर खिळं मारत हुतं. मला तवाच कळलं हुतं, की अंदाजानं चाललंय."

तो पुढं सांगत राहिला, नेहमीसारखाच, पाणी कुठल्या वाफ्याला द्यायचं ते सांगावं तसा. पुढं एकसष्ट सालात एक म्हातारे मास्तर बाकावर येऊन बसायचे, त्यांनी एकदा हाक मारून सांगितलं, की पावणं, ह्या पाटीवर जे लिहिलंय ते हे झाड नव्हं. ख्वाजा म्हणाला, बरं. तेव्हा बादशहा अंथरुणावर होता. त्याच्या हयातीत पाट्या हलवल्या तर त्याला कळलं असतं. पुढच्या साली तो गेला, आणि मग तर हात लावणं आणखीच अवघड झालं. त्या पाट्या पुसताना ख्वाजाला बापाच्या पाठीला पाणी घालतोय असं वाटायचं. आणि पोरीला कळलंय, हेही त्याला माहीत होतं. आठवीत पुस्तक घेऊन झाडाझाडाखाली उभी राहिली, ते त्यानं गुलाबाच्या वाफ्यातनं बघितलं होतं. ती उद्या सांगेल, परवा सांगेल, म्हणून तो वाट बघत होता. तिनं कधी सांगितलंच नाही.

"मी तिला सांगू दिलं न्हाय," शमशाद म्हणाली.

ती हे मोठ्यानं म्हणाली. आयुष्यभर मनात बोललेलं एवढं मोठ्यानं बाहेर आलं, की तिची तिलाच लाज वाटली. पण आता थांबण्यात अर्थ नव्हता. पोरीच्या तोंडावर मी हात ठेवला, ती म्हणाली, तेव्हा ठेवला आणि नेसरीहून आली तेव्हाही ठेवला. लोक काय म्हणतील, गप बस. नवऱ्याचं नाव काढू नको, गप बस. बागेत कामाला जातेस, मान खाली घालून जा. ह्या घरात जो तो दुसऱ्याच्या अब्रूसाठी गप बसलाय, आणि चूक आहे तिथंच खिळ्यानं ठोकून राहिलीय. तुम्हाला बापाची काळजी, तिला तुमची, मला तुम्हा दोघांची. आता तिची काळजी कुणी करायची?

"म्हमद," ती लेकाकडं वळली, "तू डोळं झाकून सही करणार म्हणालास. ही डोळं उघडं ठिवून करणार म्हणती. बाग कुणाला द्यायची, तूच सांग."

महंमद वाईट नव्हता. त्याला फक्त सवय नव्हती. त्यानं बुटाच्या टोकानं माती उकरली. मग म्हणाला, पक्कड कुठाय?

पक्कड सापडली, पण गंजलेली. महंमद सायकल मारत उद्यमनगरात गेला आणि तिथनं लांब दांड्याची पक्कड, खिळे आणि तेलाची बाटली घेऊन आला. तेवढ्यात ख्वाजानं शिडी काढली होती. साठीला टेकलेला माणूस, पण आज त्यानं ती शिडी कुणाला उचलू दिली नाही. आकाराम म्हणाला, साहेबाला मी सांगतो काय सांगायचं ते, चार्जाच्या आधी पाट्यांची दुरुस्ती केली म्हणू, खोटं तर न्हाय की. त्यानं सकाळची पानं आडवी रेघ मारून रद्द केली आणि पेन्सिलीला टोक काढलं.

दवाखान्याच्या बाजूनं सुरुवात केली. महंमद वर चढून खिळे उपटायचा, ख्वाजा खाली शिडी धरायचा, नजीरा पाटी पदरानं पुसून ओट्यावर ठेवायची, आणि सुगरा सांगायची, ही तिकडं, ती इकडं. नजीराला आता कुणी बस म्हटलं तरी बसायला तयार नव्हती. चाळीस वर्षांपूर्वी भांडी लावल्यासारख्या लावल्या होत्या, आता झाडांच्या ओळीनं लावत होती, आणि मध्येच एखादी पाटी उन्हात धरून म्हणायची, अगं बघ, अजून चकाकतीया. भेटीची वेळ व्हायला अवकाश होता. दवाखान्यातनं बाहेर येऊन बाकावर बसलेले नेसरीकडचे एक पाव्हणे विचारायला लागले, काय चाललंय? ख्वाजानं त्यांना सरळ सांगितलं, पाट्या चुकल्या हुत्या, नीट करतोय. शमशादनं ते ऐकलं. ज्या वाक्याला ती अकरा वर्षं भ्यायली होती, ते एवढंसंच होतं.

कांचनावरची पाटी बकुळीवर गेली, बकुळीची कांचनावर. उन्हं टाऊन हॉलच्या मनोऱ्यांवर चढेपर्यंत सव्वीस झाल्या.

सत्ताविसावी शिरीषावर होती. घरामागचा तोच शिरीष, ज्याच्याखाली जेवणं झाली होती. बागेतलं हे सगळ्यांत थोर झाड, म्हणून बादशहानं त्याला सगळ्यांत मोठी पाटी दिली होती, ताम्हणाची. महंमद वर चढला आणि पक्कड लावायला जागाच शोधत राहिला. झाड वाढलं होतं. सालीनं पाटीच्या चारी कडा पोटात घेतल्या होत्या, खिळे तर दिसतच नव्हते. मधलं एक हाताएवढं पत्र्याचं अंग तेवढं उघडं होतं.

"साल तासावी लागंल," महंमद वरून म्हणाला. "आख्खी गोल."

ख्वाजानं शिडी दोन्ही हातांनी धरली होती आणि मान वर करून बघत होता. शमशादला त्याच्या मानेची शीर दिसत होती. तो म्हणाला असता, एवढी एक राहू दे, तर कुणी नाही म्हटलं नसतं. पण त्यानं ते म्हटलं नाही. बाग उद्यापासून त्याची नव्हती, आणि हे त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं, हे शमशादला दिसलं.

सुगरानं झाडाला फेरी मारली. सालीवरनं हात फिरवला.

"उतर भई," ती म्हणाली. "गोल साल काढली तर झाड मरंल."

मग ती आकारामच्या शेजारी बसली, त्याच्या हातातली पेन्सिल घेतली आणि शेवटची नोंद स्वतः लिहिली. सावकाश लिहिली, दोनदा पेन्सिल ओठाला लावून. लिहून झाल्यावर वही पुढं केली, आणि मग तिच्या ध्यानात आलं, की ज्यांना दाखवायची त्यांना वाचता येत नाही. म्हणून तिनं ती वाचून दाखवली.

"झाड नंबर एकेचाळीस. शिरीष. पाटी ताम्हणाची हाय. लावणारा, बादशहा बागवान, हेड माळी. पाटी झाडानं धरलीया. काढू नये."

नजीरानं तोंडात पदर घातला. ख्वाजानं शिडी सोडली. चार पावलं चालत आला, वहीकडं बघितलं, त्या ओळीवर बोट ठेवलं.

"हीच का ती?"

"हीच."

"परत वाच."

तिनं परत वाचली. ख्वाजा ऐकत होता आणि त्याचे ओठ हलत होते. दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर तो घरात गेला. शमशादला वाटलं, तोंडावर पाणी मारायला गेला असेल. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात डब्याखालचा तो कागद होता, आणि डाव्या हाताच्या अंगठ्याला शाई आधीच लावलेली होती.